तुऱ्यांवरचे शर्ट

आसपासच्या सगळ्या शेतांतला मका कापून झाला होता आणि हा एकच तुकडा हिरवा उभा होता. तो मुद्दाम उशिरा पेरलेला होता. जनुक बदललेल्या पिकाची चाचणी घ्यायची तर त्याचा फुलोरा शेजाऱ्यांच्या फुलोऱ्याशी जुळू द्यायचा नसतो, हा पहिला नियम. दुसरा असा, की प्रत्येक तुऱ्यावर कागदी पिशवी चढवायची, म्हणजे पराग वाऱ्यावर जात नाहीत. त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला ते शेत वाटतच नसे. डोक्यावर पांढरी पिशवी ओढून माणसं रांगेत उभी केली आहेत आणि पुढे काय करायचं ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही, असं काहीतरी वाटे.

तपासणीला आलेल्या अधिकारी बाईंना खात्यात सगळे मॅडम म्हणत. पण त्या इथेच वाढलेल्या, दोन बहिणींमधल्या धाकट्या, आणि इथल्या लोकांच्या तोंडी ती अजूनही धाकटीच होती. थोरली बहीण चाचणीच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर, वडिलांच्या घरात एकटी राहत होती. जवळचा नातेवाईक चाचणीच्या आसपास राहत असेल तर वरिष्ठांना कळवावं लागतं. धाकटीने कळवलं होतं. साहेब म्हणाले होते, "मग तर उत्तमच. चहाची सोय झाली."

फाटकावरच्या राखणदाराला सगळे शिट्टी म्हणत, कारण तो दिवसभर शिट्टी वाजवत असे. गाणं कुठलं ते कळत नसे, कारण ते कुठलंच नसे.

"कोट घाला मॅडम. आणि बटणं वरपर्यंत," त्याने खुंटीवरचा पांढरा कोट तिच्यापुढे धरला. "मागच्या वेळी एका बटणासाठी तुम्ही मला फाडून खाल्लं होतं."

"लक्षात आहे ना? मग झालं तर." तिने स्वतःचे बूट काढून तिथले रबरी बूट चढवले. आत जाताना घातलेलं काहीही बाहेर न्यायचं नाही, हा तिसरा नियम. "आणि हे शिट्टी वाजवणं जरा थांबवाल का? डोकं उठलं."

"थांबवतो की. तुम्हीच सांगाल वाजव म्हणून."

तो थांबला. ती आत शिरली आणि चार ओळी ओलांडल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्या बुटांखेरीज आपल्याला काहीही ऐकू येत नाहीये. पिशव्या वाऱ्याने सळसळत होत्या तेवढंच. रातकिडा नाही, टोळ नाही. हा मका अळीने खाल्ला की अळी मरत असे. त्यासाठीच तो बनवला होता. अळ्या नाहीत म्हणून पाखरं नाहीत. हे सगळं तिला कागदावर ठाऊक होतं. पानांवरून तिने हात फिरवला. एकाही पानाला भोक नव्हतं.

एक पिशवी सुटलेली नव्हती, एक गाठ ढिली नव्हती. तपासणी चांगली झाली होती. बाहेर येऊन तिने कोट खुंटीला अडकवला.

"पहिल्या आठवड्यात वाटलं, माझे कानच गेले," शिट्टी म्हणाला. "बायकोला म्हटलं, काहीतरी बोल. ती म्हणाली, बोलतेच आहे की मघापासून." तो हसला आणि लगेच पुन्हा शिट्टी वाजवायला लागला.

थोरलीच्या घरापर्यंत ती चालतच गेली.

वडील इथेच राखणदार होते, या मक्याची पहिली चाचणी झाली तेव्हा. पुढचं वर्ष चाचणीविना मोकळं गेलं आणि गेल्या थंडीत ते वारले. त्यांचं स्वतःचं मक्याचं बियाणं होतं, त्यांच्या वडिलांकडून आलेलं. मागच्या अंगणात पाच-सहा ओळी, दर वर्षी. पांढरे, पिवळे, तांबूस दाणे एकाच कणसात. एक झाड पुरुषभर उंच, शेजारचं कमरेइतकं. दोन-चार झाडं तर सगळ्यांचं आटोपल्यावर निवांत फुलोऱ्यावर येत. वडील त्यांना "आमचे उशिरा उठणारे" म्हणत. पहिल्या चाचणीच्या वेळी शेजारच्या मक्याबद्दल नियम एवढाच होता, की फुलोरा जुळू नये. या उशिरा उठणाऱ्यांचा विचार कोणीच केला नव्हता. पुढे नियम कडक करण्यासाठी बैठक झाली, तेव्हा धाकटीने तो केला. चाचणीभोवती ठरलेल्या अंतरात मक्याचं एकही झाड नको, मग ते कधीही फुलो, हे वाक्य तिच्या आग्रहामुळे आलं होतं. ते अंतर थोरलीच्या अंगणाच्या पलीकडे बरंच पुढे जात होतं.

"यंदा नको पेरू," तिने फोनवर सांगितलं होतं. थोरली "बरं" म्हणाली होती. थोरली एवढ्या पटकन बरं म्हणत नसते, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

थोरली पुढच्या दारातच उभी होती.

"आल्या सरकारी पाहुण्या! पाय धुऊन ये, कुठून कुठून चालून आलीस. आणि इथेच बस, ओट्यावर. आत फार उकडतंय."

"ओट्यावर ऊन आहे, ताई."

"मग उन्हात बस थोडी. ऑफिसात बसून बसून पांढरीफटक पडलीस, भुतासारखी."

"चहा तरी आतला आहे ना? की तोही बाहेरच उकळतेस?"

"आणते. बस म्हटलं ना."

धाकटी बसली. थोरलीच्या बांगड्या स्वयंपाकघरात वाजत होत्या, भांडं आपटलं, मग तेही थांबलं. धाकटीला काहीतरी खटकत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. या घरात या वेळेला मागच्या अंगणातून एवढी किरकिर यायची, की वडील रेडिओला कान लावून बसायचे आणि किड्यांना शिव्या घालायचे. ती उठली. मागून काहीच आवाज येत नव्हता. शिट्टीने शिट्टी थांबवली होती तेव्हा जशी शांतता पडली होती, अगदी तशी.

"मागे काय आहे गं?"

"मागे? कपडे वाळतायत." थोरली कप घेऊन दारात आडवी उभी राहिली. "चहा घे. निवतोय."

धाकटी तिला बाजूला सारून आत गेली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला वडील दिसले. एक नाही, रांगच्या रांग. पाठमोरे, चौकटीचा शर्ट, रेघांचा शर्ट, कॉलर उसवलेला निळा. सगळ्यांचे खांदे एका पातळीत आणि सगळे जरासे डोलत होते. मग तिला शर्टांखालची पानं दिसली.

थोरलीने मका पेरला होता. प्रत्येक झाडाच्या तुऱ्यावर वडिलांचा एकेक शर्ट चढवून, खाली बाह्यांची गाठ मारली होती. शर्ट पुरले नव्हते तिथे बनियन होते.

"ताई!"

"ओरडू नकोस. तुमच्यासारखंच केलंय ना सगळं? पेरलंही उशिरा. पिशव्याच त्या, आमच्या कापडाच्या."

"कापडातून पराग जातो, म्हणून कागद वापरतात. आणि पिशवीचा प्रश्नच कुठे आहे? एकही झाड नको म्हटलं होतं मी. एकही! तू बरं म्हणालीस!"

"मग काय म्हणायला हवं होतं? डब्यातल्या बियाला ओल लागली होती. यंदा नसतं पेरलं तर पुढच्या वर्षी उगवलंच नसतं. डब्यात बाबा ठेवून काय करू मी, पूजा करू?" थोरलीने कप खिडकीत ठेवला. "बघ तरी आधी. बाबांच्या हातूनसुद्धा कधी असा आला नव्हता."

ते खरं होतं, आणि धाकटीला तेच बघवत नव्हतं. ती ओळींमधून चालत गेली. सगळी झाडं एकाच उंचीची होती. कमी-जास्त नाही, वाकलेलं नाही, उशिरा उठणारं नाही. पेरं मोजायला जावं तर जिथे एकाचं चौथं पेर, तिथेच पुढच्याचं. आयुष्यात एका ओळीत दोन सारखी झाडं या अंगणाने पाहिली नव्हती. तिने पानांवरून हात फिरवला. एकाही पानाला भोक नव्हतं.

तपासणीची पेटी तिच्या खांद्याला होतीच. पानाचा तुकडा नळीत टाकायचा, थोड्या पाण्यात चिरडायचा, त्यात कागदाची पट्टी उभी करायची. एक रेघ उमटली तर पट्टी नीट चालते आहे आणि झाड साधं आहे. दोन उमटल्या तर झाड चाचणीतल्या मक्याच्या रक्ताचं आहे. थोरली तिच्या शेजारी उकिडवी बसली. लहानपणी दोघी अशाच मुंगळे बघत बसायच्या.

पहिली रेघ आली. मग तिच्याखाली, सावकाश, दुसरी.

"म्हणजे काय?"

"म्हणजे हे बाबांचं नाही."

"वेडी आहेस का? मी स्वतः काढलंय बाबांच्या डब्यातून!"

धाकटीने पुढच्या झाडाचं पान तोडलं. त्याच्या पुढच्याचं. प्रत्येक वेळी दुसरी रेघ आली. पानातून ती रेघ येते तेव्हा ती पेरलेल्या दाण्यातूनच आलेली असते. यंदाच्या वाऱ्याचा संबंध नव्हता. डब्यात जे होतं तेच मुळात बदललेलं होतं.

"तिकडे कामाला असताना बाबा घरी कसे यायचे?" तिने विचारलं.

"कसे म्हणजे? चालत."

"कपडे, ताई. कोट घालायचे का आत?"

"कोट काखेत रुतायचा त्यांना. साहेब आला की चढवायचे." थोरली किंचित हसली. "पिशव्या चढवायचं काम त्यांच्याकडेच होतं, मान वर करून करून दुखायची. खांद्यावर नुसती पिवळी धूळ. घरी आले की आधी मागे यायचे, त्यांच्या त्या उशिरा उठणाऱ्यांना बघायला. हात लावल्याशिवाय राहवायचं नाही. मी म्हणायची, आधी शर्ट काढा, सगळीकडे सांडताय. धुतले तरी डाग गेले नाहीत. हे काय."

तिने जवळच्या झाडावरच्या चौकटीच्या शर्टाचा खांदा दाखवला. डाग होता.

पिवळी धूळ म्हणजे पराग. शर्टावर बसून तो उशिरा उठणाऱ्यांपर्यंत आला होता. पण एवढ्याने सगळं जमत नव्हतं. उशिरा उठणारी झाडं दोन-चारच. त्यांच्या कणसांत थोडे दाणे बाटले असतील. डबाच्या डबा कसा?

"बियाण्याची कणसं कोणी निवडली?"

"तेच. दुसरं कोणाला हात लावू देत होते का? दोन्ही वर्षं. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, तरी अंगठ्याने निवडायचे." थोरलीने अंगठा हवेत फिरवला, कणसावरून फिरवावा तसा. "जरा खरखरीत लागलं, किडलेलं लागलं, की कोंबड्यांना. एकदम गुळगुळीत, भरलेलं, अळीने तोंड न लावलेलं असेल तेवढंच डब्यात. म्हणाले होते ना मला, पोरी, कधी नव्हे ती कणसं स्वच्छ यायला लागलीत. खूश होते."

धाकटीने डोळे मिटले. अळीने तोंड न लावलेलं. म्हातारा दोन वर्षं आपल्या अंगठ्याने नेमकं तेच वेचत बसला होता, आणि स्वतःचं होतं ते किडकं म्हणून कोंबड्यांपुढे टाकत होता. निवडायला शिकलेला माणूस होता, म्हणून हे झालं. आळशी असता तर बियाणं वाचलं असतं.

एवढं पट्टीवरून कळत होतं. झाडं एकाच उंचीची का, हे कशावरूनच कळत नव्हतं. त्याचा चाचणीशी संबंध नव्हता. तिकडची झाडंसुद्धा इतकी सारखी नव्हती.

"सगळीच नाहीत गं तशी," थोरली अचानक म्हणाली. "कोपऱ्यात एक आहे. डब्यातलं बी संपलं, ओळ अर्धीच राहिली, म्हणून खुराड्याजवळ पडलेले दाणे टोचले होते. एकच आलं. दाखवायची लाज वाटते असलं आहे."

रिकाम्या खुराड्याच्या आडोशाला कमरेइतकं, एका बाजूला कललेलं झाड होतं. त्याला शर्ट मिळाला नव्हता. पानांची चाळण झालेली. धाकटीने वाकून पाहिलं. पानाच्या बेचक्यात एक हिरवी अळी बसून खात होती. या अंगणात तेवढीच एक जिवंत हालचाल.

पट्टीवर एक रेघ आली. दोघी थांबल्या. पुन्हा थांबल्या. दुसरी आली नाही.

"हे बाबांचं," धाकटी म्हणाली.

थोरली रडायला लागली, मग हसायला. "काय बाई रूप! आमच्या घराण्याला शोभेल असं." तिने पदराने नाक पुसलं. "मग बाकीचं घेऊन जा तुझं तू. जाळ. हे राहू दे."

धाकटी पुन्हा झाडाकडे वळली. झाडाला कणीस धरलं होतं, आणि कणसाचे केस बाहेर आले होते, मऊ, ओलसर, हवेत जे असेल ते धरायला तयार. भोवती कापडाखाली एवढे तुरे फुललेले. या झाडाचं पान बाबांचं होतं. याचा दाणा कोणाचा होईल, ते कोणीही सांगू शकलं नसतं. बैठकीत एकाने नेमका हाच प्रश्न विचारला होता, अंतराच्या आत साधं झाड सापडलं तर? तेव्हा तिनेच ठामपणे सांगितलं होतं, फुलोऱ्यात सापडलं तर तेही उपटायचं.

"ताई, हेही जाणार."

"तुला कळतंय का काय बोलतेस?"

"आज ठेवलं तर पुढच्या वर्षी तू त्याचेच दाणे पेरशील. आणि आपण दोघी म्हणू बाबांचं आहे."

थोरलीने तिच्याकडे अशी नजर टाकली, की धाकटीने फोन काढायचं निमित्त करून पाठ फिरवली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमच्या बहिणीचं घर?" ते म्हणाले. "बरं. उद्या माणसं पाठवतो. तुम्ही थांबू नका तिथे, दुसरं कोणी करेल." ती म्हणाली, थांबते.

दुसऱ्या दिवशी माणसं आली, झाडं उपटली, पोत्यांत भरली. शर्टही गेले, कारण त्यांच्या विणीत पराग होता. शिट्टी मदतीला आला होता; तो इथे शिट्टी वाजवत नव्हता. शेवटी कोपऱ्यातलं झाड उरलं. माणूस पुढे झाला तेव्हा थोरली म्हणाली, "तू नको. तिला उपटू दे."

धाकटीने उपटलं. मूळ हलकं होतं, एका हाताने आलं. अळी तिच्या मनगटावर पडली. पोत्यात टाकावी की सोडावी, हे तिला कळेना. नियमात अळीबद्दल काही नव्हतं. तिने ती कुंपणाच्या गवतावर ठेवली.

"जमिनीत दाणे पडलेले असतील," जाताना ती म्हणाली. "बाबांनी कोंबड्यांना टाकलेले. अंगणाला पाणी देत राहायचं, जे उगवेल ते मी येऊन तपासणार. कोवळ्या रोपांना फुलोऱ्याचं भय नाही. चाचणीही आटोपलेली असेल. दोन रेघांचं उपटेन. एका रेघेचं तुझं. शब्द देते."

थोरलीने मान डोलावली.

तिकडची चाचणी संपली, शेत नांगरून मोकळं झालं. धाकटी ठरल्याप्रमाणे येत राहिली. पहिल्या खेपेला अंगणात कोंब होते, ओळीत. कोणी पेरले नव्हते, दाणे जिथे पडले तिथे पडले होते, तरी ते ओळीत होते, आणि सगळे बोटभर. दोन रेघा. तिने उपटले. पुढच्या खेपेला पुन्हा तसेच, तितक्याच उंचीचे. थोरली पाणी घालत होती आणि वाट पाहत होती. तिचं बोलणं कमी झालं होतं. ती रोज सकाळी प्रत्येक पानावरून अंगठा फिरवायची, खरखरीत काही लागतं का बघायला. भोक शोधत होती. वडील ज्याला टाकून देत, त्याचाच शोध, त्यांच्याच अंगठ्याने.

नंतर एकदा थोरलीचाच फोन आला. "ये. एकाला कीड लागलीय."

धाकटी पोहोचली तेव्हा थोरली मागच्या अंगणात पाठमोरी उभी होती. अंगात वडिलांचा निळा शर्ट, कॉलर उसवलेला. म्हणजे एक तिने मागे ठेवला होता.

"हे बघ," थोरली वळली. चेहरा उजळला होता. "हे. पानाला भोक आहे. किडलंय!"

रोप बाकीच्यांच्या ओळीत, बाकीच्यांइतकंच उंच होतं. पानाच्या मधोमध एक भोक होतं. अगदी गोल. धाकटीने ते उन्हात धरून पाहिलं. भोकाची कड काळपट, आखडलेली होती. अळी पान कुरतडते. ती पान जाळत नाही. थोरलीने उजवा हात पदराखाली घेतला होता.

"आहे ना गं बाबांचं?"

धाकटीने पेटी खांद्यावरून उतरवली. तिने पेटी उघडली. पान तोडलं, भोकाजवळचंच तोडलं, नळीत चिरडलं, पट्टी उभी केली. दोघी शेजारी शेजारी उकिडव्या बसल्या. अंगण इतकं शांत होतं, की कागद पाणी वर ओढून घेताना आवाज होईल असं वाटावं.

पहिली रेघ आली.

"अजून थांबू," थोरली म्हणाली. "थांबू थोडं. कधी कधी वेळ लागतो ना?"

"हो."

दुसरी रेघ आली तेव्हाही थोरलीने नजर हलवली नाही, जणू बघत राहिलं तर ती पुन्हा कागदात जाईल. मग तिने पदराखालचा हात बाहेर काढला आणि मांडीवर उलटा ठेवला. बोटाच्या टोकाला फोड आला होता.

"बाबा असते तर यातलं कोणतं ठेवलं असतं गं?"

धाकटी रोपाकडे पाहत होती. पान सरळ, तजेलदार; त्या एका भोकाखेरीज डाग नाही.

"हेच, ताई," ती म्हणाली, आणि रोप मुळाशी धरलं. "पण भोक पाडायच्या आधी."